बयची वही

आमच्या मिलमध्ये एक साधा हिशेब आहे. मस्टरवर नाव लागलं तर पगार. नाव नाही लागलं तर तू रात्रभर साच्यासमोर उभा होतास की घरी झोपला होतास, हे कुणी विचारत नाही. बदलीवर लागलेल्या पोराला हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

मला इतिहासाचं तसंच वाटतं. इतिहास म्हणजे एक मोठं मस्टर. ते लिहिणारा टाइमकीपर हजार वर्षं एकाच जातीचा होता, म्हणून आपल्या बापजाद्यांची हजेरी लागली नाही. त्यांनी गावं राखली, मेलेली ढोरं ओढली, पलटणीत बंदूक धरली, पण रकाना कोराच. बाबासाहेबांनी आपल्या हातात पेन दिलं तेव्हा कुठं आपण आपलं मस्टर आपण लिहायला लागलो. हे खरं. पण दोस्तहो, या आपण लिहिलेल्या मस्टरवर आपल्या बाया किती आहेत, ते एकदा मोजून बघा. मी मोजलं. आणि मोजताना पहिला चोर सापडला तो मीच.

बय गेली तेव्हाची गोष्ट. आमच्या मुरबाडकडच्या घरात आजीला बय म्हणायचे. ती माझ्या बापाची आई. पण कल्याणला वालधुनीच्या काठावर आमची जी वस्ती आहे, तिथं लहानथोर सगळे तिला बयच म्हणत. तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या म्हाताऱ्यासुद्धा. ती गेल्यावर मी कागदपत्रं करायला गेलो. फॉर्मवर एक रकाना होता, मयताचा व्यवसाय. मी खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं, 'घरकाम'. कुणी सांगितलं नव्हतं. कारकुनानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मीच लिहिलं. चार अक्षरं. सही करून बाहेर आलो, टपरीवर कटिंग घेतला, आणि पहिल्या घोटालाच माझ्या लक्षात आलं की मी काय करून आलो. मनूला शिव्या घालणाऱ्या कविता लिहितो मी. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षं राबलेल्या बाईचा मी चार अक्षरांत निकाल लावला.

हा लेख म्हणजे त्या रकान्याची दुरुस्ती समजा.

०

बय मुरबाड तालुक्यातली. कल्याणहून माळशेज घाटाकडं जो रस्ता जातो, त्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर मुरबाड लागतं. तिचा बाप दुसऱ्याच्या भाताच्या शेतावर राबायचा. पोरगी नऊ-दहा वर्षांची झाली तशी आईबरोबर रस्त्याच्या कामाला जायला लागली. खडी फोडायची, टोपलीत भरायची, डोक्यावरून न्यायची, पसरायची. शाळा गावात होती. तिच्या वाट्याला आली नाही.

१९५६ साली ती बारा वर्षांची होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब दिल्लीत गेले. ७ तारखेला मुंबईत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. मुरबाडकडून माणसं मिळेल त्या गाडीनं, नाहीतर पायी, कल्याण स्टेशनला आली आणि तिथून दादरला. बयची आई गेली, पोरीला घेऊन. बय सांगायची की तिला बाबासाहेब दिसले नाहीत, फक्त माणसांच्या पाठी दिसल्या. "पन पाठी रडतात बग पोरा. तवा मी पयल्यांदा बगितलं. पुरुसांच्या पाठी हालत व्हत्या." त्याच ठिकाणी चितेच्या साक्षीनं हजारोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बयच्या आईनं घरी आल्यावर कोनाड्यातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. नवऱ्याला विचारलं नाही.

या बयच्या आईचं नाव मला माहीत नाही. विचारलंच नाही कधी. आजोबांच्या आजोबाचं नाव मला पाठ आहे.

०

मुरबाडचं नाव निघालं की एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्यातल्या कितीतरी पोरांना ती माहीत नसते. बाबासाहेबांची आई भीमाबाई ही मुरबाडकरांची लेक. मुरबाड तालुक्यातलं आंबेटेंभे हे तिचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं. म्हणजे महू, आंबडवे, सातारा, नागपूर, दादर ही गावं आपण जशी घेतो, तसंच आपल्या ठाणे जिल्ह्यातलं हे गावही घ्यायला पाहिजे. घटना लिहिणाऱ्या माणसाला जिनं पोटात वाढवलं, ती आमच्याकडच्या मातीतली.

मुरबाडकरांचं घर त्या काळी आपल्या लोकांत मातब्बर. भीमाबाईचे वडील आणि सहा चुलते, सगळे पलटणीत सुभेदार मेजरच्या हुद्द्याला पोचलेले, असं चरित्रकार लिहितात. तेव्हा पलटण ही आपल्या माणसाला गावकीच्या जोखडातून बाहेर काढणारी एकच वाट होती. पलटणीत शाळा असायच्या, तिथं शिपायांची पोरं शिकायची. पुढं इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली आणि ती वाटही बुजवली. पण तोवर दोन-तीन पिढ्यांच्या हाती अक्षर आलं होतं. रामजी सकपाळ त्याच पलटणीतले, लष्करी शाळेत मास्तर. त्यांचं घर सासरवाडीच्या मानानं गरीब.

आता धनंजय कीरांच्या चरित्रात एक बारीक नोंद आहे. ते पुस्तक इंग्रजीत १९५४ साली आलं. सुरुवातीच्या काळात रामजी बाहेरगावी असताना त्यांनी पाठवलेला पैसा पुरत नव्हता, तेव्हा भीमाबाईनं सांताक्रूझला रस्त्यावर खडी टाकायचं काम केलं. सुभेदार मेजरची लेक, रस्त्यावर खडी टाकते. माहेरी हात पसरत नाही.

मी हे वाचलं तेव्हा दुसरी पाळी सुटली होती. रात्री साडेअकराला घरी आलो, बयला उठवलं आणि सांगितलं, बय, भीमाईनं खडी टाकली, तुझ्यासारखी. मला वाटलं ती हात जोडेल, डोळ्यांना पदर लावेल. ती उठून बसली. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पायात काय व्हतं तिच्या?"

मी म्हटलं, ते पुस्तकात नाही.

"आसं कसं? खडी टाकायची म्हंजे पयला सवाल पायाचा. आमी पायाला चिंध्या बांदायचो. चिंधीतून बी घुसायची. इच्यार जरा त्या लिवनाऱ्यांना."

कुणाला विचारणार? पण त्या रात्री मला कळलं की इतिहास लिहिणाऱ्याला कोणता प्रश्न पडतो, हे त्याच्या पायात काय आहे त्यावर ठरतं. इतकी चरित्रं झाली. हा प्रश्न एका अंगठेबहाद्दर म्हातारीला पडला, कारण तिची टाच फाटलेली होती.

०

भीमाबाई साताऱ्याला वारली, १८९६ च्या सुमारास. भीवा तेव्हा पाच वर्षांचा. मग घरात आली ती मीराबाई, रामजींची थोरली बहीण. आपण शाहिरांच्या तोंडून ऐकतो की आत्यानं भीवाला आईच्या मायेनं वाढवलं. ते खरंच आहे. पण बाबासाहेबांनी स्वतः काय लिहून ठेवलंय ते बघा. त्यांनी आपल्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे अनुभव इंग्रजीत टिपून ठेवले होते, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं. ते लिखाण त्यांच्या मागं १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं गेलं. त्यात १९०१ सालची ती मसूर स्टेशनची हकिगत आहे. पोरं नवे कपडे घालून बापाला भेटायला निघतात, आणि जात कळल्यावर गाडीवाला गाडी हाकायला तयार होत नाही. ती आपण सगळ्यांनी वाचलेली असते. पण तिच्या आधीचा भाग आपण भरभर उलटतो.

त्या भागात ही आत्या आहे. बाप नोकरीला दुसऱ्या गावी. साताऱ्यात चार पोरं. भीवा, त्याचा मोठा भाऊ आणि मेलेल्या थोरल्या बहिणीची दोन पोरं. त्यांच्यावर लक्ष ठेवायला ही आत्या. ती अंगानं खुजी, पाय अधू. कुणी धरल्याशिवाय तिला हलता यायचं नाही, कधी कधी उचलूनच न्यावं लागायचं. तिच्यानं स्वैपाक होत नव्हता. पोरंच शाळा करून चूल पेटवायची. भाकरी-चपाती जमायची नाही म्हणून भात आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायची. बाबासाहेब हे सगळं लपवत नाहीत. आणि त्याच ठिकाणी ते सांगतात की तिच्याइतकं मायाळू माणूस त्यांनी पाहिलं नाही.

इथं मी पुन्हा पुन्हा थांबतो. आपण बायांची किंमत कशावर करतो? तिनं किती भाकऱ्या थापल्या, किती राबली, किती सोसलं यावर. 'तिनं कुटुंबासाठी हाडाची काडं केली' म्हटलं की आपली श्रद्धांजली पूर्ण. मीराबाईनं भाकरी थापली नाही. तिला थापताच येत नव्हती. तरी आई नसलेल्या पोराला घर घर वाटलं, ते ती घरात होती म्हणून. अपंग, लेकरांच्या आधारानं हलणारी ती म्हातारी, आणि तिच्या सावलीत वाढलेलं पोर पुढं महाडचं तळं पेटवतं. हे कोणत्या रकान्यात लिहिणार? आमच्या विहारात भिंतीवर फोटो खूप आहेत. मीराबाईचा फोटो तिथं नाही. दुसरीकडंही मी पाहिलेला नाही.

आणि रमाई. तिचे चार लेकरं मातीआड गेले, नवरा सातासमुद्रापार, घरात दाणा नाही. ती २७ मे १९३५ ला गेली. आपण तिला त्यागमूर्ती म्हणतो, गाणी म्हणतो, गाणी म्हणताना रडतो. मीही रडतो. पण एखाद्या बाईला मूर्ती केलं की तिचा हिशेब मिटवता येतो, हे आपल्या पुरुषांना चांगलं ठाऊक आहे. मूर्तीला पगार नसतो, मूर्तीला मतही नसतं. बाबासाहेबांनी काय केलं? १९४० साली त्यांचं पाकिस्तानावरचं मोठं पुस्तक आलं. राजकारणाचं पुस्तक, आकड्यांचं, नकाशांचं. ते त्यांनी रामूच्या आठवणीला अर्पण केलं. घरात हाक मारायचे ते नाव, छापून. बाबासाहेबांनी आपल्या मस्टरवर आत्याची आणि बायकोची हजेरी लावली. आपण त्यांचे अनुयायी. आपण लावली का?

०

कुणी म्हणेल, चळवळ ही चळवळ, घर हे घर. बाबासाहेबांना हे मान्य नव्हतं, आणि याला पुरावा आहे.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळल्यावर त्यांनी बायांची वेगळी सभा घेतली. लुगडं कसं नेसायचं, जातीची खूण असलेले दागिने का टाकायचे, पोरींना शाळेत का घालायचं, हे सांगितलं. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांना बाळंतपणाची सवलत देण्याचं बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की बाईच्या कामावर मालक नफा कमावतो, तर तिच्या बाळंतपणाचा भार त्यानंही उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. म्हणजे लेकरू जन्माला घालणं हे 'घरकाम' नाही, त्याचा हिशेब व्हायला पाहिजे, हे या माणसानं शंभर वर्षांपूर्वी सांगितलं. आणि त्याचाच अनुयायी असलेला मी फॉर्मवर काय लिहून आलो?

२० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. पंचवीस हजारांच्या आसपास बाया जमल्या होत्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, नवऱ्यानं दुसरी बायको करायला बंदी मागितली. आणि गिरण्यांत, विड्यांच्या कारखान्यांत, म्युनिसिपालट्यांत राबणाऱ्या बायांना पगारी रजा, इजा झाली तर भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मागितली. बेचाळीस साल म्हटलं की सगळा देश 'छोडो भारत' सांगतो. आमच्या बाया त्या सालात पेन्शन मागत होत्या, हे कुणी सांगत नाही.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांना हुडकलं, बोलतं केलं, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिलं. पुस्तकाच्या नावातला तो 'ही' बघा. एका अक्षरात सगळी तक्रार आहे. आंबेडकरी चळवळ पन्नास-साठ वर्षांची झाल्यावर बायांना सांगावं लागलं की आम्हीही होतो.

०

आता परत बयकडं येतो.

लग्न होऊन ती कल्याणला आली. आजोबा मुंबईला कापड गिरणीत. पहाटेची लोकल, रात्रीची लोकल. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. डॉक्टर सामंतांचं नाव घराघरात. त्या संपावर पुस्तकं झाली, नाटकं झाली, सिनेमे आले. पण अडीच लाख पुरुष महिनोन् महिने बिनपगारी घरी बसले, तर चुली कशा पेटत होत्या? हा प्रश्न इतिहासाला कमी पडतो, तो बायांना रोज पडला.

बय डोंबिवलीला धुण्याभांड्याला जायला लागली. पाच घरं. एका घरी तिचा चहाचा कप वेगळा, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. तिनं दोन महिने त्या कपातून चहा प्यायला, कारण घरी चार लेकरं होती. तिसऱ्या महिन्याचा पगार हातात पडल्यावर तिनं तो कप उचलून बाईंच्या कपांच्या रांगेत नेऊन ठेवला आणि म्हणाली, "बाई, येतो." परत गेली नाही. पाचातलं एक घर गेलं, तेही ऐन संपात. आजोबा चिडले. ती म्हणाली, तुमचा संप हाय, माझा न्हाय का?

आजोबांना गिरणीनं परत घेतलं नाही. ते पुढं गप्पच झाले. घर चालवलं बयनं.

आणि वस्तीही. रात्री-अपरात्री बाळंतपण अडलं की बय. कुणाच्या पोराला पोलिसांनी उचललं की बय. मयताला आंघोळ घालायला बय. नामांतराचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं मोर्चे, लाठ्या, जाळपोळ. वस्तीतले पुरुष मोर्चाला निघाले की आदल्या रात्री बय आणि बाकीच्या बाया तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या. भाकरी, सुकटाची चटणी, कांदा, फडक्यात गाठ. मग पहाटे त्याच बाया मोर्चाच्या शेवटच्या रांगेत. फोटोत पहिली रांग येते.

ती काही देवी नव्हती, तेही लिहितो. तोंडाची फटकळ. माशाचा मधला तुकडा मला आणि शेपटी माझ्या बहिणीला, हे तिनं शेवटपर्यंत केलं. बहीण दहावीला माझ्याहून हुशार, तरी तिच्या लग्नाची घाई बयनंच केली. मनू आपल्या बायांच्या हातातूनही वाढतो ताटात. हे झाकून मला तिचा इतिहास लिहायचा नाही.

०

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जिथं भीमाईनं खडी टाकली, तेच सांताक्रूझ. त्या दिवशी मुंबईचं सगळे बोलतात, पण इकडं उल्हास आणि वालधुनीनं कल्याणला काय केलं ते आम्हाला विचारा. मी सहा वर्षांचा होतो. पाणी आधी उंबऱ्याला, मग खाटेला, मग माझ्या गळ्याला आलं. बयनं मला खांद्यावर घेतलं आणि डोक्यावर एक पत्र्याची पेटी. बाप ओरडत होता, "बय, पेटी टाक, पोराला धर." तिनं दोन्ही धरलं. आम्ही रात्रभर एका दुमजली घराच्या गच्चीवर होतो. पेटीत दागिने असतील असं सगळ्यांना वाटलं.

ती गेल्यावर तेराव्या दिवशी मी ती पेटी उघडली. बाबासाहेबांचा एक फोटो, कडा भिजून गेलेल्या. पंचशीलाची पत्रिका. आणि एक दोनशेपानी वही.

वहीत अक्षर एकही नाही. चित्रं आहेत. मासा, फणी, शिवणयंत्र, घागर, कोंबडी, विळी. प्रत्येक चित्रापुढं रेघा. पाच रेघांची जुडी, मग पुढची. अधूनमधून वेगळी चित्रं. पाळणा, चार दांड्या, पुस्तक, गज लावलेली खिडकी. काही पानांवरची शाई पुराच्या पाण्यानं पसरली होती.

माझ्या बापाला काही कळलं नाही. मग मी ती वही घेऊन वस्तीतल्या एका म्हातारीकडं गेलो. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. वही नाकाला लावून तिनं पान उलटलं आणि हसायलाच लागली. "आगं माजे बये. ही तर आपली भिशी." संपाच्या सालात चालू केलेली. महिन्याला दर घरटी दोन रुपये. मासा म्हणजे सुकट विकणारी, फणी म्हणजे तीन पोरींची आई, शिवणयंत्र म्हणजे ब्लाऊज शिवणारी. रेघ म्हणजे रुपया. पाळणा म्हणजे बाळंतपणाला दिले. चार दांड्या म्हणजे तिरडीला दिले. गज म्हणजे जामिनाला. पुस्तक म्हणजे शाळेला.

एका पुस्तकासमोर चाळीस रेघा होत्या. म्हातारी म्हणाली, "हा तुजा बाप. धाव्वीची फी. संपात तुज्या आज्याकडं कुटं व्हतं?" माझा बाप त्या दहावीवर चिकटला, त्याच्या पगारावर मी शिकलो, म्हणून आज हे लिहितोय. ती फी मासेवालीनं, फणीवालीनं, शिवणवालीनं भरली होती. मला हे पंचवीस वर्षं माहीत नव्हतं.

एक चित्र पानोपानी होतं. तीन टिंबं, खाली दोन, वर एक. मी विचारलं, हे कोण? म्हातारीनं वही खाली ठेवली.

"ही बय. खडीचा ढीग."

सतरा चित्रांतली अकरा लागली. सहा लागली नाहीत. घागर कोण, विळी कोण, सांगणारं कुणी उरलं नाही. त्या सहा बायांनी दर महिन्याला दोन रुपये टाकले, कुणाचं तरी बाळंतपण केलं, कुणाची तरी फी भरली, कुणाला तरी गजाआडून सोडवलं. आणि आता त्या फक्त घागर आणि विळी आहेत. बय असती तर दहा मिनिटांत सांगितलं असतं. ती माझ्या शेजारच्या खाटेवर वीस वर्षं झोपत होती. मी वरच्या दिव्याखाली बसून जगाच्या क्रांत्या वाचत होतो.

आमच्या विहारात संगमरवरी फरशी आहे. देणगीदारांची नावं कोरलेली, एकोणतीस. सगळी पुरुषांची. विहाराच्या पायाला ज्यांनी घमेली वाहिली त्या बायांचं एकही नाव नाही. मी कमिटीला अर्ज दिलाय की त्या फरशीशेजारी दुसरी फरशी लावा. अकरा नावं आणि सहा चित्रं. घागर आणि विळीसुद्धा कोरा. कमिटीतले म्हणतात, विहारात घागर-विळीची चित्रं कशी लावायची, लोक हसतील. पुढच्या पौर्णिमेला मीटिंग आहे. मी वही घेऊन जाणार आहे. माझी बहीण येणार आहे. म्हणाली, तू बोलू नकोस, मी बोलते.

आणि वाचणाऱ्या दोस्ता, तुला एक काम सांगतो. हे पान वाचून झालं की कविता लिहू नको. घरी जा. म्हातारी जागी असेल तर तिच्याजवळ बस. तिला तिचं माहेरचं पूर्ण नाव विचार, तिच्या आईचं नाव विचार, ती पहिल्यांदा कामाला गेली तेव्हा किती वर्षांची होती आणि रोज काय मिळायचा ते विचार. पायात काय होतं तेही विचार.

तारीख टाकून लिहून ठेव.